वळणावरचे टायर

आमच्या कंपनीत कुठलीही वस्तू निरुपयोगी ठरवायची एक ठरलेली पद्धत आहे. शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे मशिनं चालतात तिथे, एखादी गोष्ट उगाच पडून आहे असं वाटलं तर तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर चार ओळी असतात. वस्तू काय, कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, आणि तिचा उपयोग काय. पहिल्या तीन ओळी आपण भरायच्या. चौथी मात्र त्या जागी काम करणाऱ्या ऑपरेटरला विचारूनच भरायची. नव्याने लागलेल्या इंजिनियर मुलामुलींना हे शिकवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, आणि चौथ्या ओळीवर मी जरा जास्तच वेळ घालवते. एका नव्या साहेबाने मशीनखालचा लाकडी ठोकळा कचरा समजून उचलला आणि दोन दिवस एकही पार्ट मापात आला नाही, हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की मागे बसलेली जुनी माणसं त्याचं शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणतात.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी झालं असं कुणी म्हणायला नको. मला सगळं माहीत होतं.

आम्ही भोसरीत राहतो, सासरच्या जुन्या गावठाणातल्या घरात. मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळा सकाळची, सातच्या सुमारास भरणारी आणि साडेबाराला सुटणारी. सकाळी मी तिला स्कूटरवरून गेटपाशी उतरवायचे आणि तशीच पुढे एमआयडीसीत कंपनीला जायचे. दुपारी तिला आणायला माझ्या सासूबाई चालत जायच्या. म्हणजे शाळेची गल्ली मी रोज पाहत होते, पण फक्त सकाळी, तीही घड्याळाकडे बघत, जेमतेम दोन मिनिटं. एवढ्या भांडवलावर मी त्या गल्लीची जाणकार झाले होते.

गल्लीची अवस्था वाईट होती हे मात्र खरं. एका बाजूला विजेच्या डीपीला टेकून कचऱ्याचा ढीग आणि त्यात कुत्री. दुसऱ्या बाजूला रात्रीपासून लावून ठेवलेले टेम्पो, त्यामुळे मुलांना रस्त्याच्या मधूनच चालावं लागायचं. आणि गल्ली जिथे शाळेच्या गेटाकडे वळते, बरोबर त्या वळणावर एका पंक्चरवाल्याची पत्र्याची टपरी. सकाळी ती बंदच असायची. टपरीपुढे जुने टायर अर्धे जमिनीत गाडलेले, एका स्कूटरचा गंजका सांगाडा, विटांवर ठेवलेली एक फळी. टायर इतके रस्त्यात आले होते की तिथे मला स्कूटर जवळजवळ थांबवून वळवावी लागायची, आणि रोज सकाळी मी मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार करायचे.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात एरवी गृहपाठ आणि सणांच्या शुभेच्छा. एके दिवशी एका आईने कचऱ्यातल्या मेलेल्या घुशीचा फोटो टाकला, त्याच आठवड्यात दुसरीतली एक मुलगी टेम्पोच्या आडून धावत बाहेर आली आणि मोटरसायकलखाली येता येता वाचली, आणि ग्रुप पेटला. दोन दिवस सगळे नुसते चिडत होते. मला राग लवकर येतो, आणि आला की मी लगेच कामाला लागते. लोक याला पुढाकार म्हणतात. मी लिहिलं की चिडून काही होत नसतं, आपण पद्धतशीरपणे जाऊ. पद्धत अर्थात माझीच.

रविवारी मी कंपनीतून रजा घेतली आणि सकाळी आम्ही सहा जण गल्लीत जमलो. मी लाल कागदाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या, सुतळीसकट. आमच्यात एक वडील होते, चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात काम करणारे. तिसरी शिफ्ट करून घरी न जाता सरळ तिथे आले होते, डोळे लाल झालेले. त्यांनाही ही पद्धत ठाऊक होती. कचऱ्याला, टेम्पोंना, एका मोडक्या हातगाडीला चिठ्ठ्या लावत आम्ही वळणावर आलो. टपरी बंद होती. मी टायरला सुतळी बांधली, तीन ओळी भरल्या, आणि चौथीवर पेन टेकवलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, चौथी ओळ विचारून भरायची ना?"

"इथे कुठला आलाय ऑपरेटर," मी म्हटलं.

सगळे हसले. तेही हसले. मी ठळक अक्षरात लिहिलं, उपयोग नाही. टपरीच्या दारालाही तीच चिठ्ठी लावली, फोटो काढला, आणि सगळे मिळून पोहे खायला गेलो. त्या पोह्यांची चव मला अजून आठवते, आणि माझ्या जिभेचाच मला राग येतो.

दुपारी घरी हे सगळं मी रंगवून सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. पंक्चरवाल्याचं नाव निघताच त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "त्याच्या वस्तूंला हात लावू नगा. दुपारी त्यो हाय म्हनून पोरं नीट घरला येत्यात. त्याला इचारलंस का तू?"

मी म्हटलं, आई, एकाला सोडलं की सगळेच सूट मागतात. त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. आमच्या घरात मी शिकलेली, पगार आणणारी सून आहे, आणि ज्या विषयावर मी असा आवाज लावते त्या विषयावर सासूबाई गप्प बसतात. याला मी बरीच वर्षं समजूतदारपणा म्हणत आले.

वॉर्ड ऑफिसात आमच्या यादीचं कौतुक झालं. फोटो, जागा, कालावधी, उपयोग, सगळं तक्त्यात. तिथले साहेब म्हणाले की नागरिक असे नेमके बोलले तर आमचं कामच हलकं होतं. पुढच्या आठवड्यात गाडी आणि माणसं आली. मी कामावर होते, फोटो ग्रुपवर येत गेले. ढीग उचलला, टेम्पो हलले, हातगाडी गेली. एका फोटोत टायर ट्रकमध्ये चढत होते. दुसऱ्यात टपरीचे पत्रे. त्याच्या कडेला पंक्चरवाला उभा होता, हातात हवा भरायचा पंप घेऊन, तेवढाच त्याने वाचवला असावा. मी त्या फोटोवर टाळ्यांचं चिन्ह टाकलं.

मग महिन्याभरात कंपनीत सुधारणांच्या स्पर्धेत मी तीच गल्ली मांडली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मोठे साहेब म्हणाले की कारखान्याची शिस्त रस्त्यावर नेणारी अशी माणसं हवीत. मला प्रशस्तिपत्र आणि स्टीलची पाण्याची बाटली मिळाली. ती बाटली मुलगी शाळेत न्यायला लागली आणि सगळ्यांना सांगायला लागली की आईला गल्ली साफ केल्याबद्दल मिळाली. मी तिला थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

वळण मोकळं झालं तशी मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला टेम्पोवाल्यांना वाट सापडली. सकाळी सातला टेम्पो नसतात, त्यामुळे मला काही कळलं नाही. उलट आता स्कूटर न थांबवता वळते म्हणून मी खूश होते. सासूबाई एकदा म्हणाल्या, गाड्या लई जोरात येत्यात गं आता. मी म्हटलं, ट्रॅफिकवाल्यांना लिहू. तेही लिहिलं नाही.

शुक्रवार होता. एकच्या आसपास शाळेतून कंपनीत फोन आला. सुट्या भागांनी भरलेला एक टेम्पो वळणावरून तसाच सरळ आला होता. सासूबाईंनी मुलीला ढकलून गटाराच्या बाजूला फेकलं आणि स्वतः पडल्या. मुलीचे गुडघे सोलले. सासूबाईंचं मनगट मोडलं, कंबरेला मुका मार लागला, आणि त्या चार बोटं इकडे असत्या तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी मला समजावून सांगायचं काही कारण नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं.

प्लास्टर घालत असताना त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "त्यो असता तर गाडी थांबवली असती त्यानं."

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते, आणि उलट बोलताना मला कधीच लाज वाटत नाही. त्या फक्त झालेलं सांगत होत्या. मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. सासूबाईंसाठी रडत होते की पकडली गेले म्हणून, ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात रजा घेऊन मुलीला आणायला मी गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी शाळा सुटताना पाहिली. गेट उघडलं आणि पोरं एकदम बाहेर पडली, दप्तरं उडवत, कुणाचंही न ऐकता. समोरून टेम्पो येत होते. जिथे टायर होते त्याच पट्ट्यातून ते वळत होते, आणि एकाचाही वेग कमी होत नव्हता. बायका हात करत होत्या, ओरडत होत्या. मी पण ओरडले. कोपऱ्यावर वह्यापेनांचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी मला ओळखलं नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिथे एक पोर थोडक्यात वाचलं, तेव्हापासून त्या पंक्चरवाल्याने एकेक टायर आणून गाडायला सुरुवात केली होती. आत माती भरून, वरून चुना लावून. साडेबारा वाजले की हातातलं काम टाकून तो रस्त्यात उभा राहायचा, टायर काढायची लोखंडी पट्टी आडवी धरून. पोरं त्याला चाचा म्हणायची. त्याने कुणाकडून कधी काही घेतलं नाही, चहासुद्धा नाही.

हे सगळं मला कुठल्याही सुट्टीच्या दिवशी पाहता आलं असतं. कंपनीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते आणि शाळा गुरुवारी चालू असते. गुरुवारी मी झोप काढायचे. गल्लीवर मत बनवायला मला दोन मिनिटं पुरली होती आणि मशीनखालचा ठोकळा उचलणाऱ्या त्या साहेबाला मी दहा वर्षं हसत होते.

ग्रुपवर मात्र वेगळंच चाललं होतं. टेम्पोवाल्यांना शिव्या, प्रशासनाला शिव्या, आणि गतिरोधकाची मागणी. अर्ज लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. आमच्याच घरातलं माणूस पडलं होतं, त्यामुळे माझ्याकडे आता सहानुभूतीही होती. मी बसले आणि लिहिलं, "सदर वळणावरील टायर प्रशासनाने हटविल्यापासून वाहनांचा वेग वाढला आहे." वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. सरकारी मराठीची हीच तर सोय आहे, कोण लपलंय ते दिसत नाही. चाकणच्या त्या वडिलांनी मला एकटीला निरोप पाठवला, की यादी आपणच दिली होती हे त्यात घालायचं का. मी उत्तर दिलं, आता विषय भरकटायला नको. त्यांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. ते भले गृहस्थ आहेत, दोन्ही वेळा मला योग्य तो प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा मी सांगितलं तसं ऐकलं.

अर्जावर गल्लीतल्या दुकानदारांच्याही सह्या हव्यात असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, त्या पंक्चरवाल्याची घ्या, त्याला टायरचं सगळं माहीत आहे. मी नाही म्हणू शकले नाही.

तो आता गल्लीपासून बराच लांब, एका कारखान्याच्या भिंतीलगत बसत होता. डोक्यावर मोठी छत्री, पुढ्यात पेटी आणि तो पंप. गिऱ्हाईक नव्हतं. पन्नाशी उलटलेला, बारीक, लातूरकडून आलेला माणूस. मी मुलीचं नाव सांगितलं तर त्याने लगेच ओळखलं, आणि उठून मला बसायला स्वतःचा डबा दिला. पहिलं विचारलं ते सासूबाईंच्या हाताबद्दल. त्याला सगळं कळलं होतं. मी यायला पाहिजे होतं बघायला, पण तुमचं घर ठाऊक नव्हतं, असं तोच मला म्हणाला.

मी अर्ज पुढे केला. त्याने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश सगळा वाचला. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट टायरच्या वाक्यावर आलं आणि थांबलं.

"त्या लाल चिठ्ठीवर लिहिलं होतं बघा, उपयोग नाही," तो म्हणाला. "कुणी बाहेरच्यानं लिहिलं असणार. दुपारी एकदा जरी तिथं उभं राहिलेला माणूस असं लिहिणार नाही."

सांगायचं असतं तर तेव्हा. एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. कुणी आसपास नव्हतं, माणूस भला होता, रागावला असता तरी चार शब्द बोलला असता आणि ते मला लागूच होते.

"असेल," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, याच कागदात माझ्या जागेचं बी एक वाक्य घालता का? वळणावर बसू द्या म्हणावं. टायर न्हाई ठेवत आता. नुसता बसतो. इथं गिऱ्हाईक न्हाई, आन् तिथं दुपारी पोरांकडं बी बघता येतं."

अर्जाच्या खाली चांगली चार बोटं जागा कोरी होती. एक वाक्य सहज बसलं असतं. पण त्याची जागा मागायची म्हणजे ती कशी गेली ते आलं, आणि कशी गेली म्हटलं की वॉर्ड ऑफिसातून आमची यादी निघाली असती, माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं. एवढ्या झपाट्याने मी कामावरही विचार करत नाही.

मी म्हटलं, एका अर्जात दोन मागण्या केल्या की दोन्ही अडकतात. तुमचा वेगळा करू. मी लिहून देते.

"चालंल. तुमाला जास्ती कळतं त्यातलं," असं म्हणून त्याने सही केली, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर वेगळं काढून, आणि खाली एक रेघ ओढली. मी निघाले तेव्हा त्याने स्कूटरची दोन्ही चाकं दाबून बघितली आणि मागच्यात हवा भरून दिली.

गतिरोधक झाला. चांगला उंच आहे, टेम्पो खरोखर थांबतात. दुपारी पालकांपैकी कुणीतरी पाळीपाळीने उभं राहायचं असं ठरलं आहे आणि बऱ्याचदा कुणीतरी असतंही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला मंचावर बोलावून नारळ दिला. खाली सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोपर्यंत त्यांचं मनगट पूर्ण बरं झालं होतं.

त्या अधूनमधून त्याच्याकडे जाऊन बसतात, हे मला मुलीकडून कळलं. सुरुवातीला तो त्यांना विचारायचा, मॅडमनं अर्ज लिहिला का. सासूबाई मला येऊन तसंच सांगायच्या आणि मी म्हणायचे, या आठवड्यात नक्की. ऑडिट होतं, मग मुलीच्या परीक्षा, मग मला कणकण होती. पुढे त्याने विचारायचं सोडलं आणि सासूबाईंनीही. मी कंपनीला आता दुसऱ्या रस्त्याने जाते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण ती भिंत लागत नाही.

कंपनीत अजूनही मीच चौथी ओळ शिकवते. हे सगळं लिहायला मला तीन गुरुवार लागले. त्याचा अर्ज एका पानात झाला असता.